ताटं उचलायचा तास

ते रिकाम्या वर्गात शिरायचे तेसुद्धा एकटे नाहीत. आधी दार पूर्ण उघडायचं, आपण बाजूला सरायचं, डावा हात पाठीशी आणि उजवा हात हलकेच आतल्या बाजूला. कोणीतरी आत जाईल एवढा वेळ थांबायचं आणि मग स्वतः पाऊल टाकायचं. दोन बोटांनी खुर्ची मागे ओढायची, आवाज न करता. मान किंचित झुकवायची आणि म्हणायचं, "बसा साहेब."

खुर्चीवर कोणी नसायचं. वर्गात मी असायचे, वह्यांचा गठ्ठा तपासत, आणि माझ्याकडे त्यांचं लक्षही नसायचं.

"अहो, कुणाला बसवताय?" एकदा न राहवून मी विचारलं.

"पाव्हण्याला."

"कुठंय पाहुणा?"

"पाव्हणा बघायलाय मॅडम," ते आवाज खाली आणून म्हणाले. मी उगीचच मागं वळून बघितलं आणि मग स्वतःवरच चिडले.

तुमच्याही ऑफिसात, शाळेत, गल्लीत असा एखादा माणूस असेल. आपलं काम तो इतकं मनावर घेतो की शेजारच्यांना आपण कामचुकार आहोत असं वाटायला लागतं. अशा माणसाबद्दल आदरबिदर नंतर वाटतो. आधी डोकं फिरतं. माझं जवळजवळ वर्षभर फिरत होतं.

आमची शाळा सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातल्या नौबादची, मराठी माध्यमाची. अर्धी मुलं आसपासच्या खेड्यांतून येतात, अर्ध्यांचे आईवडील जवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत आणि गोदामांत. घरी मराठी, रस्त्यावर दखनी, कचेरीत कन्नड, अशी ही मुलं दिवसभर तीन भाषांत फिरत असतात. नववी-दहावीला 'पर्यटन आणि आतिथ्य' हा नवा विषय आला, तेव्हा त्याची पुस्तकं कन्नडमध्ये होती आणि इंग्रजीत होती. मराठीत नव्हती. मग मुलांना ती मराठीत समजावून सांगायचं आणि एकूण विषयावर देखरेख ठेवायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातलं. मी मराठीची बाई. चादरीचे कोपरे कसे दुमडावेत यावर मी रात्रंदिवस अनुवाद करत बसले.

शिकवायला कंत्राटी शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीनं माणूस पाठवला तो हा. वय पन्नाशीच्या आसपास. बसवकल्याणजवळच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातला. एकोणीस वर्षं हैदराबादच्या हॉटेलांत काढलेली. मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, "हे मोठ्या हॉटेलात मॅनेजर होते." ह्यांनी नुसती मान झुकवली. एप्रिलच्या उन्हातसुद्धा काळं जाकीट, बुटांना पॉलिश, आणि सायकलवर येताना पँटच्या पायाला लावलेला चिमटा. मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ठेवलं हॉटेलसर, आणि तेच राहिलं.

आल्या आल्या त्यांनी माझा वर्ग घेतला. घेतला म्हणजे बळकावला. स्नेहसंमेलनासाठी मी जपून ठेवलेलं पांढरं कापड दोन बाकांवर अंथरून त्याचं टेबल झालं. प्रयोगशाळेतल्या बशा गेल्या. मी आठवीला कविता शिकवत असताना खिडकीबाहेर अठ्ठावीस मुलं ओळीनं चालायची, प्रत्येकाच्या पंजावर ताट, ताटात काठोकाठ भरलेले स्टीलचे पेले. एखादा पेला पडला की आख्खी आठवी उठून खिडकीत. "पाव्हणा बघायलाय!" बाहेरून आवाज यायचा. माझ्या कवितेकडे मात्र कोणी बघत नसायचं.

शिपायालाही त्यांनी सोडलं नाही. आमचा शिपाई पंचवीस वर्षं जो येईल त्याच्यावर खेकसत आलेला. त्यानं आता आलेल्या माणसाला पाणी विचारावं असं ह्यांनी त्याला पटवलं. तो पाणी विचारायचा, पण अशा आवाजात की माणूस नको म्हणायचा. एक दिवस मी दमून चहा पीत होते, तर शेजारी येऊन हळूच, "मॅडम, बशी डाव्या हातात." मी कप खाली ठेवला आणि त्या दिवशी चहाच सोडला.

मुलं मात्र शिकत होती. त्यातली करुणा तर सगळ्यांच्या पुढं. उंच, तुरतुरीत, हसली तरी गंभीर दिसणारी मुलगी. वडील कोळारच्या एका गोदामात मुकादम. समोर माणूस उभा राहिला की त्यानं तोंड उघडायच्या आत ही कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरवायची, आणि सहसा चुकायची नाही. "ही पोरगी पाव्हण्याला लांबून वळखती," हॉटेलसर म्हणायचे. वार्षिक परीक्षेचं प्रमाणपत्र मिळालं की कलबुर्गीला, म्हणजे आमच्या तोंडी गुलबर्ग्याला, एका प्रशिक्षण केंद्रात पुढच्या शिक्षणाची जागा आणि वसतिगृह मिळण्याची सोय होती. करुणाला ती जागा हवी होती. बारावीपर्यंत नौबादलाच राहिली तर मधेच लग्न उरकतील, ही धास्ती तिनं मला एकदा वह्या गोळा करता करता सांगून टाकली होती. प्रात्यक्षिकाचे चार भाग होते: स्वागत, मांडणी, वाढणी आणि टेबल आवरणं. चारांतल्या एकात जरी नापास, तरी प्रमाणपत्र नाही.

वाढणीत आमची मुलं जन्मतःच पास. खेड्यातलं पोर दहा वर्षांचं झालं की लग्नाच्या पंगतीत बादली घेऊन धावतं. "वरण, वरण, वरण!" म्हणत त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गभर अशी धूम ठोकली की हॉटेलसर टेबलाला पाठ लावून उभे राहिले. महिनाभर त्यांनी एकच शिकवलं. पळायचं नाही. एकदा विचारायचं. पाहुणा पुरे म्हणाला की पुरे, हातातला पळा मागं घ्यायचा. एवढं शिकवताना त्यांच्या घशाला कोरड पडली.

मग सरावाचं जेवण झालं. पाहुणे म्हणून संस्थेची मंडळी बोलावली. संस्थेचे सचिव, आमचे अप्पा, मधोमध बसले. मुलगा भात घेऊन आला. अप्पा रीतीप्रमाणे "पुरे, पुरे" म्हणाले आणि मुलगा शिकवल्याप्रमाणे "थँक्यू सर" म्हणून निघून गेला. अप्पांचा हात ताटावर तसाच राहिला. जेवण झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पोरांनी एकदाच इचारलं की! उपाशी उठायलोय मी." मी हॉटेलसरांकडे बघितलं. ते प्रसन्न चेहऱ्यानं उभे होते.

पण खरी गोष्ट त्यानंतर झाली. पाहुणे उठले, हात धुवायला गेले, परत आले, गप्पा मारत उभे राहिले. टेबलावर अकरा खरकटी ताटं. आणि अठ्ठावीस मुलं भिंतीला लागून, हात पाठीशी, चेहऱ्यावर शिकवलेलं हसू. एकही जण हलेना. हॉटेलसरांनी डोळ्यांनी खुणावलं. मुलं आणखी हसली. मी शिपायाला हाक मारली, तर तो दारातूनच म्हणाला, "मी न्हाई उचलायचो. माझं काम घंटा मारायचं."

आमच्याकडे हे असंच आहे, आणि मला त्यात वावगं काही दिसलंही नव्हतं, हे कबूल करते. पंगतीत वाढायचा मान असतो. घरचे, भावकीतले, पैसेवाले, सगळे बादलीसाठी भांडतात. पंगत उठली की ते सगळे कुठं जातात कोण जाणे. उचलायला ठरलेली माणसं असतात, ती पाण्याच्या पिंपाजवळ बसून वाट बघत असतात, आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

त्या दिवशी अकराही ताटं हॉटेलसरांनी स्वतः उचलली. डाव्या मनगटावर एकावर एक, चमचे वरच्या ताटात, एकही भांडं न वाजवता. त्यांचं हसू तेवढं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ताटं उचलणे'. तिसऱ्या दिवशी वर्गात नऊ मुलं उरली. चौथ्या दिवशी पालक आले.

मी हॉटेलसरांना आधीच सांगितलं होतं. हात जोडले होते. "अहो, एवढा एक धडा सोडा. परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक माणूस आणू, तो मागच्या मागं ताटं उचलील. परीक्षकाला काय कळतंय?"

"पाव्हणा उठून गेल्यावर बी बघायलाय मॅडम."

"तुमचा पाहुणा गेला खड्ड्यात!" मी ओरडले. सगळ्या स्टाफरूमनं ऐकलं. ते हसले, मान झुकवली, आणि पुन्हा वर्गात जाऊन ताटं मांडायला लागले. ह्या माणसाशी भांडतासुद्धा येत नसे. आपण चिडावं आणि त्यानं आपल्याला पाणी विचारावं, हे कोणी किती सहन करायचं?

पालकांची बैठक माझ्याच वर्गात भरली. मोठी शेती असलेले एक गृहस्थ म्हणाले, आमच्या घरी गडी आहे उचलायला, पोरगं कशाला शिकेल. एक आई म्हणाली, माझा मुलगा घरी स्वतःचं ताट उचलत नाही, लोकांचं कुठं उचलतोय. लोक हसले. मग करुणाचे वडील उठले. गोदामातून तसेच आलेले, खिशाला पेन, हातात मुलीची वही. ते हसत नव्हते.

"बाई, माझी माय लग्नात पत्रावळ्या उचलायला जायची," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तिला बोलवणं जेवायचं नसायचं, उचलायचं असायचं. सगळं गाव जेवून उठल्यावर. आमच्या लोकांनी ती कामं सोडली, धम्म घेतला, मनून मी शाळेत गेलो. मी शाळेत गेलो मनून ही दहावीला आली. आन् दहावीला येऊन हिनं पुन्ना तेच शिकायचं व्हय?"

मला वाटलं, आता तरी हे गप्प बसतील. छे.

"हॉटेलात तसं नसतंय दादा," हॉटेलसर म्हणाले. "तिथं कोण कुणाचं उचलायलाय, कोणी इचारत न्हाई."

"तुमच्या घरात कधी आमचं ताट उचललं व्हतं का कुणी?"

प्रत्येक प्रश्नाला ह्यांच्याकडे हसू तयार असायचं. ह्याला नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "माझ्या घरात न्हाई. पर मी उचललंय. एकोणीस वर्सं. कुणाकुणाचं उचललं, मला बी ठाऊक न्हाई."

"तुम्ही तर मॅनेजर व्हतात म्हणं?" मागून कोणीतरी म्हणालं.

"मॅनेजर मी घरी सांगायला व्हतो."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. फाइलीत 'कॅप्टन' असं लिहिलेलं होतं आणि साहेबांना ते मॅनेजरच्याही वरचं वाटलं होतं. कॅप्टन म्हणजे वेटरांचा म्होरक्या, हे मला त्या दिवशी कळलं. गावाला, भावाला, बापाला ह्यांनी एकोणीस वर्षं मॅनेजर म्हणून सांगितलं होतं. बाप तसंच समजून वारला.

"मग लपवलं कामून?" करुणाच्या वडिलांनी विचारलं.

"लाज वाटायची."

"तुमाला लाज वाटायची. आन् माझ्या पोरीला वाटू नये?"

मला हॉटेलसरांची दया आली, आणि तेवढाच संतापही आला. हेच जर इतकं जड होतं, तर आमच्या मुलांच्या डोक्यावर कशाला? पण बोलायची वेळ माझी नव्हती.

करुणाचे वडील खाली बसले नाहीत. "तुम्ही तुमच्या गावात उचला," ते म्हणाले. "तुमच्या भावकीसमोर. मी येऊन बघतो. मग माझी पोरगी शिकंल."

हॉटेलसरांनी खिशातला रुमाल काढला, त्याची घडी घातली आणि परत ठेवला. "पुढल्या महिन्यात पुतण्याचं लगीन हाय," ते म्हणाले. "या तुम्ही."

बैठक संपल्यावर करुणा माझ्या मागं मागं सायकल स्टँडपर्यंत आली. "बाई, मला गुलबर्ग्याला जायचंय," ती म्हणाली. "पर पप्पाचं बी खरं हाय. मी काय करू?"

मी पंचवीस वर्षं शिकवतेय. "अभ्यास कर," म्हणाले, आणि सायकलचं कुलूप उघडत बसले.

लग्नाची तयारी ह्यांनी गुपचूप केली असं म्हणता येणार नाही, कारण ह्यांच्या भावानं ती गावभर वाजवली. मॅनेजरसाहेबांचे विद्यार्थी शिस्तीत पंगत वाढणार, हॉटेलसारखी. भाऊ थोरला, शेतीवर घर सांभाळलेला, धाकट्याच्या हुद्द्यावर आयुष्यभर छाती फुगवलेला माणूस. पंगतीनंतर ताटंही उचलायची आहेत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला हे लग्नाला निघताना क्रूझर गाडीत बसल्यावर कळलं.

"अहो, लग्न दुसऱ्याचं, हट्ट तुमचा," मी म्हणाले. "नवरीकडची माणसं काय म्हणतील?"

"व्हय मॅडम," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. सोबत बारा मुलं होती. उरलेली घरच्यांनी सोडली नाहीत. करुणा आली होती, वडिलांच्या परवानगीनं, फक्त वाढायला. वडील मागून मोटारसायकलवर येत होते.

मंडप मोठा होता. दुपारची पहिली पंगत बसली, जमिनीवर पट्ट्या अंथरलेल्या, समोर मंडपवाल्याची स्टीलची ताटं. पुढं गावचे मानकरी, मग व्याही, मग भावकी. करुणाचे वडील ओळीच्या अगदी टोकाला बसले. त्यांना तिथं बसा असं कोणी सांगितलं नव्हतं. मुलं छान वाढत होती, न पळता. करुणाच्या हातात पाण्याचा जग होता. भाऊ मंडपाच्या खांबाला टेकून उभा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "सगळं आमच्या धाकट्यानं शिकवलंय."

पिंपाजवळ दोन बायका बसल्या होत्या, उचलायला बोलावलेल्या. पंगत संपत आली तशी त्या पदर खोचून उठल्या. हॉटेलसर त्यांच्याजवळ गेले, वाकून म्हणाले, "बसा अक्का. आज आमी." त्या बसल्या नाहीत. तशाच उभ्या राहून बघत राहिल्या.

ह्यांनी पहिलं ताट उचललं ते गावच्या पाटलाचं. उजव्या बाजूनं, हलक्या हातानं. लोक हसले. "काय मॅनेजरसाहेब, चेष्टा लावलाव का?" दुसरं ताट व्याह्यांचं. व्याही ताट धरून बसले होते, ते ह्यांनी सोडवून घेतलं. सहाव्या-सातव्या ताटाला हसणं थांबलं. खरकटं एका ताटात, बाकीची मनगटावर, काळं जाकीट, पॉलिश केलेले बूट. आख्खा मंडप त्यांच्याकडे बघत होता.

भाऊ धावत आला. त्यानं ह्यांचं मनगट पकडलं. वरचं ताट घसरून खाली पडलं आणि वाजत लांब गेलं.

"खाली ठेव," भाऊ दातांतल्या दातांत म्हणाला.

"पंगत उठायलीय दादा."

"गावाला साहेब मनून सांगितलंय तुला. आमी काय तोंड दाखवायचं?"

"एकोणीस वर्सं हेच केलंय दादा. तिथं हेच काम व्हतं माझं."

भावानं हात सोडला आणि मंडपाबाहेर निघून गेला. पोराच्या लग्नातून बाप उठून गेला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. हॉटेलसर वाकले, पडलेलं ताट उचललं, पुन्हा मनगटावर ठेवलं आणि पुढं सरकले.

ओळीच्या टोकाला करुणाचे वडील होते. त्यांनी दोन्ही हातांनी आपलं ताट धरून ठेवलं होतं. "राहू द्या सर," ते म्हणाले. "बास झालं."

"बघायला आलाव न्हवं? बघा."

ह्यांनी ताटाची एक कड धरली. दुसरी त्यांच्या हातात. दोघंही ओढत नव्हते आणि सोडतही नव्हते. मग करुणाच्या वडिलांनी हात काढून घेतले आणि मांडीवर ठेवले. ताट गेलं. ते रिकाम्या जागेकडे बघत बसले.

करुणानं हातातला जग खाली ठेवला. ती वडिलांकडे बघत होती. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती समोरच्या ओळीत गेली आणि पहिलं ताट उचललं. भांडं वाजलं नाही. मागून दोन मुलं आली, मग आणखी एक. बाकीची तिथंच उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला राग आला.

परतीच्या गाडीत मी हॉटेलसरांना जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. पुतण्याच्या आयुष्यातला दिवस तुम्ही नासवलात, हे मात्र बोलले. अजूनही मला तसंच वाटतं.

"चुकलंच मॅडम," ते म्हणाले. "भाऊ म्हणला, पुन्ना दारात येऊ नको." एवढं बोलून त्यांनी जाकिटावर उडालेला वरणाचा डाग ओल्या रुमालानं पुसायला घेतला. नौबाद येईपर्यंत पुसत होते.

परीक्षा झाली. परीक्षक कन्नड बोलणाऱ्या बाई होत्या, करुणानं त्यांना त्या पायरी चढायच्या आत नमस्कार केला. अठ्ठावीसांतली सतरा मुलं परीक्षेला बसली आणि आवरण्याच्या भागात तेरा पास झाली. करुणाच्या वडिलांनी आदल्या दिवशी तिच्या वहीवर सही करून पाठवली होती. त्यात शब्द एकच होता, 'चालेल'. हॉटेलसरांनी परीक्षकांना पाणी दिलं आणि पूर्ण वेळ दाराशी उभे राहिले. निकाल ऐकून ते हसले, पण मुलांच्या देखत नाही. त्या दिवशी मी त्यांना चहा विचारला. त्यांनी पिऊन टाकला, बशी उजव्या हातात.

जूनमध्ये शाळा उघडली आणि ते आले नाहीत. करार संपला, एजन्सीनं एवढंच कळवलं. त्यांच्या जागी एक तरतरीत तरुण आला. तो लॅपटॉपवर चित्रं दाखवतो, मुलं बाकांवर बसून बघतात, खिडकीबाहेर कोणी पेले घेऊन चालत नाही. आठवीची कविता शांततेत होते. एका शब्दानं सांगून जायला काय झालं होतं ह्या माणसाला? पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं म्हणून वर्षभर मुलांना घोकायला लावलं आणि स्वतः मात्र असे गेले. नौबादची खोली रिकामी केलेली. सायकल घरमालकाच्या पोराला देऊन टाकलेली. कोणी म्हणतं पुण्याला गेले, कोणी गोव्याला.

जुलैच्या एका शनिवारी करुणाचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आले. करुणाला गुलबर्ग्याला जागा मिळाली होती, वसतिगृहासकट. मला पेढा दिला, मुख्याध्यापकांना दिला, शिपायाला दिला आणि पुडा बंद केला.

"सर कुठंयत?"

"गेले."

"कुठं?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत न्हाई बाई?"

वर्षभर शेजारी बसून मला त्यांच्या घरी कोण कोण असतं ते माहीत नव्हतं, त्यांच्या बायकोचं नाव माहीत नव्हतं. मी फोन काढला आणि त्यांच्यासमोर नंबर लावला. लागला नाही.

"मी त्यांच्या गावाला बी जाऊन आलो," ते म्हणाले. "भावानं दारातूनच न्हाई म्हणलं."

"तुम्ही कशाला गेला होतात?"

"जेवायला बोलवायला." ते पुड्याची सुतळी पुन्हा बांधत होते. "करुणाच्या मायनं म्हणलं, एकदा घरी आणा त्यांना. मी म्हणलं, आणतो. बसवायचं, पोटभर वाढायचं. जेवण झालं की त्यांनी नुसतं हात धुवायचे. ताटाला त्यांना हात लावू द्यायचा न्हाई. ते मी उचलणार."

त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"पुन्ना लावा की बाई."

मी पुन्हा लावला.